खळीने बुजवलेल्या खिडक्या

फाटकी पुस्तकं पुन्हा बांधून देण्यात त्याचा जन्म गेला. सगळे त्याला बाइंडरच म्हणत. बायकोसुद्धा चिडली की हीच हाक मारायची. तिला पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं निम्म्यावर आलं. तेव्हा त्याने दुकान आवरलं आणि पुठ्ठे, दोरे, सुऱ्या घरी आणून तिच्या पलंगाशेजारी टेबल मांडलं. तिला एकटं टाकून जायची सोयच नव्हती.

त्या वर्षी थंडी हात धुऊन मागे लागली. बायको सारखी कुडकुडायची. बाइंडरने खिडक्यांच्या फटींवर खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, दाराखाली कापडाची गुंडाळी सरकवली आणि कोपऱ्यातला, धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढलेला गॅसचा हीटर दिवसभर चालू ठेवला. त्याचं काम चोख. वाऱ्याला शिरायला जागा उरली नाही.

मग त्याचं डोकं ठणकायला लागलं. दुपारपर्यंत मळमळायचं, सुई ओवताना हात भरकटायचा. बायकोच्या पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. पण पुस्तकं पोचवायला तो बाहेर पडला, थोडं चालला, की डोकं हलकं व्हायचं. घरी येऊन बसलं की पुन्हा तेच. त्याचा त्याने आपल्यापुरता अर्थ लावला: आपण हिला कंटाळलोय. हे सांगायचं कोणाला? मनातल्या मनात शरमून त्याने बाहेर पडणंच कमी केलं.

एक दिवस भाची भेटायला आली. हीटरकडे बघून तिने विचारलं, "मामा, ही ज्योत पिवळी कशी? निळी असते ना?"

"म्हातारा झालाय तो. माझ्यासारखाच."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डिटेक्टर घेऊन आली आणि सोबतचा कागद वाचून तिने तो पलंगाजवळच्या भिंतीवर बसवला. "गॅस नीट जळला नाही की विषारी वायू होतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. हा कोकलला तर घरात थांबायचं नाही. बाहेर जाऊन अग्निशमन दलाला फोन करायचा. आणि तो हीटर कोणाला तरी दाखवून घे. तोवर लावू नकोस."

"आणि मामी गारठली तर?"

"मामा, ऐक माझं."

ती गेली. बायको कुडकुडायला लागली, त्याने हीटर लावला. दुपारी डिटेक्टर कोकलला. बायको घाबरून ओरडायला लागली. त्याने बटण दाबलं, आवाज थांबला, परत सुरू झाला. "पहिल्याच दिवशी बिघडलं हे," म्हणत त्याने सेल काढून खणात टाकले.

थोड्या वेळाने सुरी हातातून निसटली. उचलायला वाकला तर गुडघेच दुमडले. जमिनीवर पडल्यापडल्या त्याला सगळं लख्ख कळलं. पण पाय ऐकेनात. खिडकीची कड हाताला लागली. पट्टी नखाने ओरबाडली, निघाली नाही. बायको डोळे मिटून पडली होती. तिला उचलणं धडधाकट असतानाही त्याला जड जायचं. तो कोपरांवर सरपटत दारापाशी गेला, गुंडाळी ओढली, कसाबसा कडीपर्यंत हात नेला आणि उंबऱ्यावर पालथा पडून "गॅस! गॅस!" असं ओरडला.

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू धावत खाली आल्या. त्यांनी त्याला काखेत धरून बाहेर ओढलं, दार सताड उघडं टाकलं, अंगणात नेऊन बसवलं आणि अग्निशमन दलाला फोन केला. मग बाहेरूनच काठीने खिडकीची काच फोडली. तो पुन्हा आत जायला धडपडू लागला तसं त्यांनी त्याला दाबून धरलं.

"सोडा मला! ती आत आहे!"

"आत गेलात तर तिथेच आडवे व्हाल. मग त्यांनी कोणाला आधी उचलायचं?"

उघड्या दारातून त्याला तिचा पलंगावरून खाली लोंबणारा हात दिसत होता. तो हाका मारत राहिला. हात हलला नाही. तोंडावर मुखवटे चढवलेली माणसं आली, तिला चादरीसकट उचलून बाहेर आणलं, तेव्हा कुठे काकूंची पकड सैल झाली.

बायको वाचली. इस्पितळातून आली तेव्हा तिचे आणखी काही शब्द हरवले होते. शेजारच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी टाकलेलं प्लास्टिक हीटरच्या धुराच्या पाइपवर येऊन बसलं होतं, आणि सगळा विषारी वायू घरात परतत होता. अग्निशमनच्या माणसांकडून हे ऐकून बाइंडर ढसाढसा रडला.

"मला वाटायचं, मीच हिला कंटाळलोय," तो भाचीला म्हणाला.

हीटर बदलला. पाइप मोकळा झाला. डिटेक्टर पुन्हा भिंतीवर लागला. आता बायको डाव्या हाताने खूण करून त्याला अधूनमधून तपासणीचं बटण दाबायला लावते. शिवाय खिडकीची एक झडप किलकिली असते, त्यावरून दोघांचं रोज वाजतं.

डोकेदुखी गेली. तरी काही दुपारी टेबलाशी बसल्याबसल्या त्याचा जीव गुदमरतो. आता त्याचा दोष गॅसवर ढकलता येत नाही. हेही त्याने एकदा भाचीला सांगून टाकलं.

"सुट्टीच्या दिवशी मी मामीजवळ बसते. तू जाऊन ये कुठेतरी," ती म्हणाली.

पहिल्या वेळी तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला. कुठे जावं ते सुचलंच नाही. पुढच्या वेळी मात्र बराच उशीर केला, आणि आल्यावर बायकोने फुरंगटून त्याला बाइंडर म्हणायचा प्रयत्न केला. शब्द अर्धाच आला.