घशातली उंबरं

आमच्या प्राणिशास्त्र विभागाचा शिपाई फुलंब्रीहून पहिल्या मोटारीनं यायचा आणि आधी कपाटातल्या पेंढा भरलेल्या दोन धनेश पक्ष्यांवरची धूळ पुसायचा. मी तिथं नवा शिक्षक होतो. दोन जातींमधला फरक मुलांना माझ्याआधी तोच सांगून टाकी.

"थोरला महाधनेश. निजामाच्या वक्तापासून इथं हाय. चोचीवरचं शिंग पिवळंजर्द, पुढून दोन टोकांचं. धाकला कवड्या धनेश. त्याच्या शिंगाला टोक एकच, वर काळा डाग."

सांगताना थोरल्याच्या पाठीवर हात ठेवी. धाकल्याकडं नुसती मान करी. कोकणातल्या सहलीत तो पक्षी त्यानंच बोट करून दाखवला होता, प्राध्यापकांनी बंदुकीनं पाडला होता आणि पेंढाही त्यानंच भरला होता.

"मग दोघांत सारखं काय?" एकदा एका मुलीनं विचारलं.

"दोघांच्याबी माद्या अंडी घालताना झाडाच्या ढोलीत सोताला लिंपून घेतात. चोचीपुरती फट ठेवतात. नर आणील तेच खायाचं." एवढं बोलून तो हात धुवायला गेला. हात तो लई वेळा धुवायचा.

पुढं नव्या विभागप्रमुखांनी कवड्या धनेशाची मादी मागवायचं काढलं. जोडी शोभून दिसेल, म्हणाले. शिपायानं कपाटामागून एक बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. आत वाळलेली उंबरं होती, अख्खीच्या अख्खी.

"कातडं सोलताना ह्याच्या घशात निघाली, साहेब. पोटात एक नव्हतं. घेऊन चालला व्हता." त्यानं बाटली त्यांच्याकडं सरकवली. "मादी नका मागवू. ती ढोलीतच ऱ्हायली."