दादाच्या नावाची माशी

कामाला बसण्याआधी माशीआत्या रोज पंखा बंद करायची आणि दाराबाहेर डोकं काढून सांगायची, "शिंकायचं असेल त्यांनी आत्ताच अंगणात जा." टाचणीवरच्या वाळक्या माशीचा पाय नुसत्या फुंकरीनेही तुटतो.

संग्रहालयातून निवृत्त झाल्यावर तिने थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या घरातली मागची खोली माश्यांनी भरून टाकली होती. सगळ्या आफ्रिकेतल्या. ती स्वतः मात्र तिकडे कधी गेली नव्हती. या माश्यांचे डोळे डोक्यावर नसतात. दोन बाजूंना निघालेल्या दांड्यांच्या टोकांवर असतात. त्यांच्यात खऱ्या जाती किती आणि एकाच जातीला दोन-दोन नावं कुठे पडली, याचा झाडा ती घेत होती. कुणालाही माशी ओळखता यावी म्हणून तिने प्रश्नांची माळही लिहिली होती. एकेका उत्तराने पुढचा प्रश्न, शेवटी नाव. ती तपासायला माश्यांतलं ओ की ठो न कळणारं एक हक्काचं माणूस घरात होतं: वहिनी.

वहिनीला आधी किळस यायची. मग चटक लागली. एका दुपारी ती सूक्ष्मदर्शकापाशी अडली.

"वन्सं, डोळ्यांमधलं अंतर अंगाच्या लांबीपेक्षा जास्त की कमी, असं विचारलंय तुम्ही. हिचं बरोब्बर तेवढंच आहे. आता हिला कुठे घालू?"

"नीट बघा, वहिनी."

"नीटच बघतेय. तुमची माशीच धड नाही."

माशीआत्या एरवी हसली असती. 'कमी' म्हटलं की एक जुनी जात निघायची, 'जास्त' म्हटलं की लांब दांड्यांची; ही दुसरी तिने तरुणपणी संग्रहालयातल्या माश्यांत शोधली होती आणि तिला दादाचं नाव दिलं होतं. दादा सुतार. मुंगीही शिरणार नाही अशा झाकणांच्या माश्यांच्या पेट्या त्यानेच केलेल्या. तेव्हापासून तो पाहुण्याला चहाच्या आधी सांगायचा, "आफ्रिकेत माझ्या नावाची माशी आहे."

माशीआत्याने दोन्ही जातींच्या सगळ्या माश्या आखूड दांड्यांपासून लांबपर्यंत ओळीत लावल्या. कुठेच खंड पडेना. अळीला पोटभर मिळालं की दांड्या लांब, उपास घडला की आखूड. जात एकच, आणि तिचं बारसं कुणीतरी आधीच उरकलेलं.

जेवताना तिने दादाला सांगून टाकलं.

"म्हणजे माझी माशी मेली?"

"माशी आहे तिथेच आहे. तुझं नाव खाली जाईल, जुन्या नावाखाली, बारीक अक्षरात."

"भाडेकरू केलंस की मला!" दादा ताटावरून उठला. "ओळीत फट असणारच. फटी शोधण्यात जन्म गेलाय माझा."

दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसू लागला. आधी रागाने. मग हळूच विचारू लागला.

"एवढा पसारा घेऊन हे भांडतात कसे गं?"

"नर समोरासमोर उभे राहतात, दांड्या जोखतात. आखूडवाला बहुतेक वेळा निघून जातो."

"शहाणे आहेत."

फट सापडली नाही. पुढे तो फटीचं नावही काढीनासा झाला. लेख छापायला गेला, दादाचं नाव खाली, बारीक अक्षरात. तरी संध्याकाळी तो खोलीत असायचाच.

त्यातल्याच एका संध्याकाळी छातीत जड वाटतंय म्हणून माशीआत्या लवकर आडवी झाली, ती सकाळी उठलीच नाही. खोलीतून निघताना तिने सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या दादाकडे एकदा पाहिलं होतं आणि वहिनीला म्हणाली होती, "त्याचं ताट झाकून ठेवा. अजून अर्धी ओळ राहिलीय त्याची."