ओढणीची गाठ

तरुण बेघर आईबापांना मुलांसह वर्षभर राहू देणाऱ्या निवाऱ्यात एका दुपारी गेलो होतो. तिथं राहणाऱ्या महेशने खोलीची कडी आतून काढली. आत त्याची बायको मंगल आणि दोन वर्षांची मुलगी आडव्या झाल्या होत्या. मुलीचा पाय ओढणीने आईच्या पायाला बांधलेला होता. पुलाखाली राहताना पोर कुणी उचलून नेऊ नये म्हणून मंगल असं बांधायची.

"इथं कोण नेतंय?" महेश हसला. "नेलंच तर हीपण फुकटात जाईल."

"मग भाकरी कोण थापेल तुला?" मंगल डोळे न उघडता म्हणाली.

कडीवर भरवसा बसायला किती दिवस लागतात, मला ठाऊक नाही. मी अजून रोज कुलूप ओढून पाहतो, आणि माझ्या घराला मुदत नाही.

"आता तरी सोड ती गाठ," निवारा सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या.

मंगल उठून बसली. "सोडली असती, ताई. पण तीन महिन्यांनी खोली रिकामी करायचीय. तोवर हिला मोकळं झोपायची सवय लागली, तर पुढं काय करू?"

झोपेत मुलीने कूस बदलली, तसा मंगलने आपला पाय तिच्याकडे सरकवला.