फक्त तेवढा टॅग

उरणच्या कंटेनर यार्डातला वजनकाटा सकाळच्या अपडेटनंतर चुकीची वजनं दाखवू लागला. भरलेला ट्रेलर रिकाम्याच्या वजनाचा! वजनाची स्लिप बरोबर निघाल्याशिवाय गेट उघडायचं नाही, हा तिथला नियम. काट्याचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं, म्हणून मला तुर्भ्याच्या ऑफिसातून तिकडे पिटाळलं. पोचले तेव्हा गाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली होती.

उपाय साधा होता: आदल्या आवृत्तीवर परत जायचं. प्रत्येक आवृत्तीला आम्ही नाव देऊन ठेवतो, त्याला टॅग म्हणतात. केबिनमधल्या कम्प्युटरवर मी टॅगचं नाव टाइप केलं. उत्तर आलं, असं काही नाही. मग लक्षात आलं, यार्डात नेट नावालाच, म्हणून इथे कोडची ‘शॅलो’ प्रत ठेवली होती. फक्त सगळ्यात वरचा थर, म्हणजे ताजी आवृत्ती. मागचा इतिहास नाही, जुने टॅगही नाहीत.

मी सगळाच इतिहास मागवला. मोबाईलच्या नेटवर तो मुंगीच्या पावलांनी यायला लागला, आणि मध्येच तुटला. पुन्हा सुरू केला. पुन्हा पहिल्यापासून.

खिडकीवर थाप पडली. एक ड्रायव्हर, लातूरकडचा असावा.

“म्याडम, कोळंबी हाय गाडीत. कुलिंग बंद पडलंय. किती येळ?”

“करतेय दादा.”

“करतेय म्हंजी किती?”

मी पुन्हा स्क्रीनकडे वळले. मागे यार्डचे मॅनेजर येऊन घड्याळ बघत उभे राहिले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी ऑफिसात ताईंना फोन लावला. त्या माझ्या सीनियर, करावे गावच्या. घाईत त्यांच्या तोंडी गावची बोली यायची.

“अगं बाय, सगला कशाला वढतेस? येकच टॅग आन ना! डेप्थ एक दे, म्हंजे येकच थर येल, मग ओरिजिन, म्हंजे आपला सर्व्हर, मग टॅग आणि त्याचं नाव.”

मी तसंच टाइप केलं. एंटर मारला. असा टॅग नाही.

“ताई, नाही म्हणतंय!”

“नावाआधी ‘व्ही’ लावलास?”

नव्हता लावला. लावला. स्क्रीनवर दोन-तीन ओळी सरकल्या आणि टॅग आला. इतका पटकन, की माझा विश्वास बसेना. त्या आवृत्तीवर गेले, प्रोग्राम पुन्हा चालू केला.

मॅनेजरनी कोळंबीची गाडी रांगेतून काढून काट्यावर घेतली. आकडा हलला, वर चढला, थांबला. त्यांनी तो गाडीच्या कागदांवरच्या वजनाशी ताडून पाहिला आणि गेटवाल्याला हात केला. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलंही नाही. गाडी दामटत निघून गेला. त्याचा माल वाचला का, ते मला कधीच कळलं नाही.

फोन चालूच होता.

“झालं का गं?”

“झालं. गाड्या सुटतायत.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “हां. मग बसते आता,” ताई म्हणाल्या. “मघापासनं उभीच होते.”