भावांचं पुढे काय झालं

दोहा सोडून जाणाऱ्यांचं घरसामान मी विकत घेतो. ज्याचं विमान चार दिवसांवर आलंय त्याच्याशी घासाघीस करणं सोपं असतं, आणि मी ती करतो. इंडस्ट्रियल एरियात सुतार म्हणून आलो, आज तिथेच माझं गोदाम आहे. भिडस्तपणाने हे झालेलं नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, लिथुआनियाच्या एका बाईंकडे सामान बघायला गेलो. त्या दिवसांत माझं डोकं लगेच फिरायचं. धाकटी बहीण दीड वर्षापूर्वी कतार सोडून गेली होती आणि माझा फोन उचलत नव्हती. तिच्या मुलीला मला एकच वाक्य सांगायचं होतं, की झालं त्यात तुझी चूक नव्हती. ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

सोफा, कपाट, फ्रिज यांचं बोलणं झालं. मग स्वयंपाकघरात टॉवेल टांगायची एक जुनी लाकडी पट्टी दिसली. हाताने कोरलेली, दोन साप समोरासमोर, दोघांच्या डोक्यावर मुकुट. असली पटाशी मला जन्मात चालवता आली नसती. तोंडाने मात्र म्हणालो, सापाची वस्तू इथे कोण घेणार, फुकट दिलीत तर नेतो. बाई म्हणाल्या, ती विकायची नाही. मग भिंतीवर ठेवून माझा वेळ कशाला घालवला, असं मी आवाज चढवून विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही भारतातले, तुम्हाला सापाचं एवढं काय वाटतं?

त्यांनी सांगितलं, त्यांच्या मुलखात क्रॉस येण्याआधी साप घरचा असायचा. विषारी नव्हे, गवतात फिरणारा, डोक्यामागे पिवळे ठिपके असलेला. तो चुलीजवळ किंवा उंबऱ्याखाली राही, त्याला दूध ठेवत, आणि त्याला मारलं तर घर बुडतं असं मानत. पुढे पाद्री आले, त्यांनी त्याला सैतान ठरवलं. मग चित्रांमधून तो फुगत फुगत आग ओकणारा राक्षस झाला आणि घोड्यावरचे संत त्याला भाले खुपसू लागले. खेड्यातल्या बायका तरीही दूध ठेवत राहिल्या.

मी म्हणालो, यात नवीन काही नाही. माझी बहीण नागपंचमीला पाटावर चंदनाने नाग काढायची. आदल्या दिवशी माझ्यासाठी उपास करायची. सणाच्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. दोह्यात आल्यावरही, क्लिनिकची ड्यूटी करून, तिने हे सोडलं नाही.

"आमच्याकडे नाग म्हणजे बाईचा भाऊ," मी म्हणालो.

"आमच्याकडे तो नवरा असतो," बाई म्हणाल्या. "आणि भाऊ त्याला मारतात."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. एक मुलगी समुद्रावर आंघोळीला गेली, तर तिच्या कपड्यांत साप बसलेला. लग्नाचं वचन दे, मग उठतो, म्हणाला. तिने दिलं. तो हजारो सापांची वरात घेऊन आला. घरच्यांनी तिच्याऐवजी आधी हंस दिला, मग मेंढी, मग वासरू. (मीही असाच काहीतरी खपवून बघितलं असतं.) शेवटी तिला जावं लागलं. समुद्राखाली तो साप नव्हता, देखणा माणूस होता, आणि ती सुखात होती. नऊ वर्षांनी मुलांना घेऊन माहेरी आली. भावांना तिला परत पाठवायचं नव्हतं. त्यांनी भाच्यांना रानात नेलं आणि विचारलं, तुमच्या बापाला काय नावाने हाक मारतात? मुलगे बोलले नाहीत. सगळ्यात धाकटी मुलगी होती. तिने सांगितलं.

मी हातातली मापाची टेप खाली ठेवली.

माझ्या बहिणीने लग्न मला न सांगता केलं. वडील गेल्यावर तिला शिकवलं मी, इथे आणलं मी, आणि कोर्टात सह्या झाल्यावर मला फोन आला. नवरा लातूरकडचा एसी मेकॅनिक. ही गोष्ट मला आजही लागते, आणि ती लागू नये असं मला कुणी पटवू शकलेलं नाही. पुढे त्याचं इथल्या कंपनीशी भांडण झालं. कंपनीकडून सुटल्याचे कागद न घेताच तो निघून गेला आणि कुठेतरी लपून खासगी कामं करू लागला. कंपनी त्याला शोधत होती. बहीण मला पत्ता सांगेना.

एका शुक्रवारी भाची माझ्याकडे होती. सात वर्षांची. धंद्यात एखादी वस्तू हवी असली की मी त्या वस्तूकडे बघत नाही, भलतंच बोलतो. तसंच केलं. शाळेची बस, मैत्रिणी, सुट्टीत कुठे जाता. ती म्हणाली, समुद्रावर. मग म्हणाली, मम्माने सांगायचं नाही म्हटलंय.

"मी काय परका आहे का? मी मामा."

तिने सांगितलं. उत्तर टोकाचं समुद्रकाठचं मदिनत अश शमाल, मशिदीमागे, निळं गेट. सांगून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला.

पत्ता मी कंपनीच्या माणसाला दिला. नुसतं घाबरवायचं होतं असं मी पुष्कळांना सांगितलंय. खोटं आहे ते. मला तो जायलाच हवा होता, बहीण राहील या हिशोबाने. त्याला पकडून भारतात परत पाठवलं, आणि महिन्याभरात ती नोकरी सोडून त्याच्यामागे गेली. जाताना म्हणाली, "मला विचारायचं होतंस, दादा. तिला का विचारलंस?"

बाईंची गोष्ट चालूच होती. भावांनी किनाऱ्यावर जाऊन त्या नावाने हाक मारली आणि तो वर आल्यावर कोयत्यांनी कापला. बहिणीने हाक मारली तेव्हा लाटेवर रक्ताचा फेस आला. मग ती झाड झाली, मुलं झाडं झाली, आणि धाकटीचं झाड असं झालं की वारा नसतानाही त्याची पानं थरथरतात.

"आणि भावांचं पुढे काय झालं?"

गोष्टीत त्यांचं पुढे काही नाही, म्हणाल्या. मी भडकलो. एवढी लांबलचक गोष्ट, हंसाचंसुद्धा सांगता, मग भावांचं का नाही? त्यांचीही बहीण गेलीच ना? मी कुठल्या भावाबद्दल विचारतोय हे बहुधा त्यांना तोपर्यंत कळलं असावं.

बहीण उचलणार नाही हे माहीत होतं. म्हणून त्या आठवड्यात मी तिच्या नवऱ्याला फोन केला, आयुष्यात पहिल्यांदा. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण त्याने काही विचारलंच नाही. आवाज ओळखून म्हणाला, "थांबा, पोरीला देतो." उपकार केल्यासारखाही म्हणाला नाही. त्याबद्दलही मला त्याचा राग आला.

शाळा कशी आहे, मी विचारलं.

"आय डोन्ट नो."

आज काय जेवलीस?

"आय डोन्ट नो, मामा."

माझ्या कुठल्याच प्रश्नाला ती आता उत्तर देणार नाही हे कळलं, तेव्हा मी विचारणं बंद केलं आणि ते वाक्य सांगितलं. तुझी चूक नव्हती, मी तुला फसवून पत्ता काढून घेतला. तिने ऐकून घेतलं, ओके म्हणाली, आणि आता जाऊ का, असं विचारलं. जा म्हणालो.

फोन बंद न करता तिने कुठेतरी ठेवला. तिचा बाप तिला विचारत होता, काय म्हणाला मामा? मीही फोन ठेवला नाही, ऐकत होतो.

"आय डोन्ट नो," ती म्हणाली.