ओब्दुलियाबाईंची चूक

ओब्दुलियाबाई सव्वीस वर्षं एन्कार्नासिओनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. गावात कोण कुणाशी काय बोलतं ते त्यांना ठाऊक, पण त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर बाहेर पडलं नाही. एक्स्चेंज बंद पडल्यावर त्या संगणक शिकल्या आणि साठीला टेकल्या असताना आमच्या कंपनीत लागल्या. आम्ही तेवीस जण आपापल्या घरी बसून बसची तिकिटं विकतो. गिऱ्हाइकांची माहिती चोरांच्या हाती लागू नये म्हणून काय सांभाळायचं, ते आम्हाला शिकवायचं हे बाईंचं काम.

लाल मोपेडवरून त्या एकेकाच्या घरी जायच्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मी थंडगार तेरेरे, आमच्याकडचा गार पाण्यातला पानांचा चहा, पुढे केला. बाईंनी नळीने एक घोट घेतला आणि नजर फ्रिजवर.

"निन्फा, ती चिठ्ठी कसली गं?"

"पासवर्ड, बाई. विसरते ना मी!"

"बरं केलंस. नळ दुरुस्त करायला येणाऱ्याची सोय झाली."

मी ओशाळून चिठ्ठी फाडली. मग त्यांनी मला चार असंबद्ध शब्द जोडून लांबलचक पासवर्ड करायला शिकवलं. मी चारही शब्द सासूबाईंवरून घेतले. अजून विसरले नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी आम्ही सगळे पडद्यावर जमलो होतो. बाई आल्या त्या लालबुंद होऊन.

"पोरांनो, आज मी गाढवपणा केला," त्या म्हणाल्या. "'तुमची मेलपेटी भरली आहे' असा निरोप आला. मी घाईत उघडला आणि पासवर्ड टाकून मोकळी झाले. मग पाहते तर पत्त्यात एक अक्षर चुकीचं! लगेच पासवर्ड बदलला, साहेबांना कळवलं, आता तुम्हाला सांगतेय."

आधी सगळे फिदीफिदी हसले. मग कोरोनेल बोगादो या गावाहून काम करणारा डेर्लिस, एरवी अखंड बडबडणारा, खाली मान घालून म्हणाला, "बाई, हाच निरोप मला शनिवारी आला होता. मीही पासवर्ड टाकला. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही."

बाई रागावल्या नाहीत. "आत्ता बोललास ना? चल, कामाला लागू."

पाहिलं तर तीन दिवस कुणीतरी डेर्लिसच्या नावाने गिऱ्हाइकांना खोटी पत्रं पाठवत होतं. अर्ध्या तासात ते दार बंद केलं. मग दोन दिवस आम्ही दीडशे लोकांना फोन करून सावध केलं, शिव्याही खाल्ल्या. नशीब, कुणी फसलं नव्हतं.

मालक विल्फ्रिदोसाहेब मात्र भडकले. सगळ्यांसमोरच म्हणाले, "या डेर्लिसला आजच काढतो!"

"काढा," बाई म्हणाल्या, "पण आधी मला काढा. मी तर शिकवणारी. आणि एक लक्षात ठेवा साहेब, याला काढलंत तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. तीन दिवसांचे तीस होतील."

साहेबांनी मिशी ओढली, पाणी प्यायलं. शेवटी म्हणाले, "तुमच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं."

"भिंत तुमच्याच कंपनीची आहे, साहेब."

डेर्लिस राहिला. त्या दिवसापासून जरा काही विचित्र दिसलं की आम्ही बाईंना कळवायला लागलो. पुढच्या आठवड्यात अकरा निरोप संशयास्पद ठरले. नऊ निरुपद्रवी निघाले, एक खरंच चोरांचा होता. उरलेला, भडक रंगांचा आणि 'इथे दाबा' असं तीनदा लिहिलेला, सोळा जणांनी काहीही न दाबता बाईंकडे पाठवला होता.

ते साहेबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं आमंत्रण होतं.

बाईंनी त्यांना फोन केला तेव्हा त्या हसू दाबत होत्या. साहेब इतके हसले की पलीकडून त्यांची बायको काय झालं म्हणून विचारायला आली. शनिवारी आम्ही झाडून सगळे गेलो आणि मांस भाजायच्या शेगडीपाशी डेर्लिसने साहेबांना त्या आमंत्रणातल्या चुका एकेक करून समजावून सांगितल्या.