एकाच वेळचे दोन फोटो

कॅमेऱ्याच्या लोखंडी पेटीची काच तडकली होती, पण आतलं मेमरी कार्ड शाबूत होतं. मी आधी कार्ड काढून पर्समध्ये टाकलं आणि मग कॅमेरा उचलला. ही जुनी सवय. कॅमेरा दुसरा मिळतो.

माळावर अजून धूर होता. भाजलेल्या बिराला जीपमध्ये घालून पुण्याकडे नेलं होतं. मांडवातल्या खुर्च्या उलट्यापालट्या पडल्या होत्या, आचारी भाताच्या पातेल्यापाशी नुसते उभे होते. प्रमुख पाहुण्यांची गाडी बिराला उचलण्याआधीच निघून गेली होती.

ऋषिकेश माझ्याजवळ आला. कंपनी त्याची, रॉकेटचं इंजिन त्याचं, माळही त्याच्याच घरचा. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, कॅमेरे आणि कार्ड्स ऑफिसमध्ये ठेवू. सेफ राहतील."

"दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. "कॉपी करून देईन. ठरलंय तसं."

तो वळून मांडवाकडे गेला. पण तो कार्डांबद्दल बोलला आणि बिराबद्दल एक शब्दही बोलला नाही, हे माझ्या डोक्यात तिथंच खटकलं.

मी मूळची दौंडची. वडिलांचा स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ होता. मी डार्करूममध्येच लहानाची मोठी झाले आणि पुढे समुद्रकाठच्या एका रॉकेट सोडण्याच्या केंद्रात फोटो विभागात लागले. निवृत्तीपर्यंत तिथंच होते. लोकांना वाटतं, रॉकेटचा फोटो म्हणजे निळं आभाळ आणि खाली आगीचा लोळ. तो भिंतीवरचा फोटो. तो कुणीही काढतं. आमचं खरं काम दुसरंच असायचं. लाँच पॅडच्या अगदी जवळ, जिथं माणसानं थांबायचं नसतं, तिथं पोलादी पेट्यांत कॅमेरे बसवायचे. रॉकेट नीट गेलं तर ते फोटो कुणी बघत नाही. बिघडलं की मग इंजिनियर एकेक फ्रेम लावून बसतात, आग आधी कुठं दिसली ते शोधायला.

जगात सगळीकडे असंच होत आलंय. सुरुवातीच्या काळात परदेशातली कितीतरी रॉकेटं पॅडवरच फुटली, आणि का फुटली ते फिल्मनंच सांगितलं. आपल्याकडचा सायकलवरून रॉकेटचा भाग नेतानाचा फोटो सगळ्यांना माहीत असतो. पाबळच्या एका शाळेत मी तो पोरांना दाखवत होते, तेव्हा ऋषिकेश मागे येऊन बसला होता. भाषण संपल्यावर म्हणाला, मी इथंच इंजिन बनवतोय, तुम्ही फोटोंचं काम बघाल का. मला भारी आनंद झाला. शिरूर तालुक्यात रॉकेट! मी लगेच हो म्हटलं.

वडगाव रासाईच्या बाजूला नदीपासून लांब त्यांचा माळ आहे. तिथं स्टॅटिक टेस्टची तयारी चालली होती. स्टॅटिक टेस्ट म्हणजे रॉकेट उडवायचं नाही, नुसतं इंजिन सिमेंटच्या ठोकळ्याला आडवं बांधून पेटवायचं आणि ते किती जोर लावतं ते मोजायचं. पेटवायला आत इग्नायटर असतो. बटण दाबलं की वायरमधून करंट जातो, इग्नायटर पेटतो, आणि तो पेटला की इंजिन विझवता येत नाही. म्हणून बटणाला कुलूप असतं. चावी फिरवल्याशिवाय बटण नुसतं बटणच.

आमच्या केंद्रात एक नियम पाठच होता. जो माणूस पॅडवर जाईल, चावी त्याच्याच खिशात. मग इकडे कुणी काहीही दाबू दे. मी हे ऋषिकेशला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्यानं ते मानलंही. इंजिनाचे बोल्ट आवळायला बिरा जायचा. त्याच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, त्यानं वेल्डिंग शिकून घेतलं होतं. त्यानं चावीला भोक पाडून ती कमरेच्या करदोड्यालाच बांधली. म्हणाला, खिशातनं पडंल. सगळ्या ट्रायलना चावी तिथंच होती. तो ठोकळ्यापासून परत येई, शर्ट वर करी आणि चावी सोडून ऋषिकेशच्या हातात देई. आम्ही हसायचो.

टेस्टच्या दिवशी मात्र मांडव उभा राहिला. ऋषिकेशचे चुलते आप्पा एके काळी सोसायटीचे चेअरमन होते. त्यांच्या शब्दावर जागा, वीज, परवानग्या सगळं झालं होतं, त्यामुळे पाहुणे कोण आणि मान कुणाचा हे त्यांनीच ठरवलं. मातीच्या बांधाच्या अलीकडे टेबल, टेबलावर बटणाची पेटी, मागे हा एवढा मोठा बॅनर. बॅनरमुळे टेबलापाशी उभं राहून ठोकळा दिसतच नव्हता. मी तसं म्हटलंही. ऋषिकेश म्हणाला, टेस्टच्या वेळी बॅनर खाली घेऊ.

चावीला लाल रिबीन बांधून ती पेटीत लावून ठेवली होती. "चावी बिराकडे हवी," मी म्हटलं.

"ताई, वायर जोडून झाली. आता तिकडे कोणी जाणारच नाहीये."

त्या क्षणी ते खरं होतं. मी पुढे ताणलं नाही, माझ्या कामाला लागले. एक कॅमेरा ठोकळ्याशेजारी पेटीत, एक टेबलासमोर, कारण ऋषिकेशला बटण दाबताना पाहुण्यांचा चेहरा हवा होता. दोन्ही कॅमेरे ठरावीक वेळानं आपोआप फोटो घेत राहणार होते. लावायच्या आधी दोन्हींनी एकाच घड्याळाचा फोटो घेतला. हे आम्ही कायम करतो. म्हणजे कुठल्या कॅमेऱ्यातली कुठली फ्रेम एकाच क्षणाची, हे मागून जुळवता येतं.

पाहुणे फार उशिरा आले आणि आल्या आल्या म्हणाले, पुढं लग्नाला जायचंय. त्यांच्या हातून टेबलापाशीच नारळ फुटला. मी तेव्हा बांधाआड लॅपटॉपवर कॅमेरे चालू आहेत की नाहीत ते बघत होते. मांडवात "इकडं बघा साहेब, इकडं बघा" असा गलका चालला होता. आणि मग तो आवाज झाला. मी आयुष्यभर तो आवाज ऐकलाय, पण त्याच्याआधी काउंटडाउन असतो. इथं काउंटडाउन झालाच नव्हता.

बिरा पुण्याच्या हॉस्पिटलात वारला.

कंपनीनं पोलिसांना सांगितलं की इंजिन आपोआप पेटलं. वायरमध्ये कुठून तरी करंट उतरला असावा. जाऊ नको असं सांगितलेलं असतानाही बिरा स्वतःहून तिकडे गेला. मांडवात एवढी माणसं होती, पण नंतर विचारलं तर कुणीच काही पाहिलं नव्हतं. मोबाइलवरचे व्हिडिओ ज्याच्या त्याच्याकडून पुसले गेले होते. आणि आठवडाभरात गावात वेगळंच सुरू झालं. बिरा पिऊन गेला होता म्हणे.

मी दोन्ही कार्डं कॉम्प्युटरवर लावली. ठोकळ्याच्या कॅमेऱ्यात शेवटून दुसऱ्या फोटोत बिरा इंजिनाच्या गळ्यात झेंडूचा हार घालतोय. पूजेचं ताट ठोकळ्यावर ठेवलंय, त्यात फोडलेल्या नारळाची वाटी. पाय अनवाणी. चपला मागे मुरमावर काढून ठेवलेल्या, एकीला एक लावून. तो इंजिनाच्या तोंडाशी, जिथून आग बाहेर पडते तिथं उभा होता, कारण दुसरं टोक ठोकळ्यात होतं आणि हार घालायला तीच बाजू मोकळी होती. पुढच्या फोटोत नुसता पांढरा उजेड आहे.

मग टेबलाचा कॅमेरा. जुळवून बघितलं. बिरा हार घालतोय त्या क्षणी पाहुण्यांचं बोट बटणावर आहे, मान वर, फोटोसाठी हसू. समोरचे सगळे मोबाइल त्यांच्यावर धरलेले. नुसती पोज होती ती. पण चावी आत होती आणि लाल रिबीन आडवी झालेली दिसत होती, म्हणजे ती फिरवलेलीही होती. त्याच्या थोडं आधीच्या फोटोत आप्पा बिराच्या हातात ताट देताना दिसत होते.  

दोन दिवसांनी आप्पा दौंडला घरी आले. सोबत ऋषिकेश, पण तो खाली मान घालून बसला. चहा झाला. आप्पांनी माझ्या वडिलांच्या स्टुडिओची आठवण काढली, त्यांच्या लग्नाचे फोटो तिथलेच होते. मग म्हणाले, "कुंदाताई, तुम्ही आमच्या घरच्या. तुमच्यापाशी काय हाय त्ये आम्हाला ठावं हाय."

त्यांनी कप बाजूला सारला.

"माणूस गेला, वाईटच झालं. पर त्यो काय आता परत यायचा न्हाई. पोराचं समदं उभं राह्यलेलं मोडंल. पाव्हण्यांचं नाव निघालं तर तालुक्यात काय ऱ्हातंय? मंगलचं आमी बघतो. तिला उघडी पडू द्यायचो न्हाई."

मंगल म्हणजे बिराची बायको.

"आप्पा," मी विचारलं, "बिराला ताट कुणी दिलं?"

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांना ते लपवायचंही सुचलं नाही. "म्या दिलं. पाव्हण्यांच्या हातनं नारळ फुटला आन् यंत्राला हार न्हाई, असं कसं चालंल? धा मिंटाचं काम. देवाचं काम हाय त्ये, त्यात वाईट काय?"

खरं सांगायचं तर त्यात वाईट काहीच नव्हतं. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर असो की मोटार, हार घातल्याशिवाय कोण चालू करतं? बिरालाही ते ताट मिळाल्याचा मानच वाटला असणार. पण हार घालायला एक माणूस गेलाय, हे टेबलापाशी ज्याच्या हातात चावी होती त्याला माहीत नव्हतं. की माहीत होतं? मी ऋषिकेशला विचारलं.

"ताई, मला वाटलं परत आला असेल," तो म्हणाला. "पाहुणे म्हणाले चावी फिरव, फोटोत पेटीवरचा लाइट लागलेला दिसू दे. बॅनर मध्ये होता."

तो रडायला लागला. मला त्याची दया आली आणि रागही तितकाच आला. मी म्हटलं, हेच जाऊन पोलिसांना सांग. आप्पा उठले. जाताना त्यांनी चपला घातल्या आणि नमस्कार न करता गेले.

मंगल आली ती तिच्या भावाबरोबर, एसटीनं. तिला केस, कंपनी यातलं काही विचारायचं नव्हतं. ती खाली बसली, पदर सारखा करत राहिली.

"त्ये पिऊन गेल्ते म्हणत्यात. माझ्या सासूलाबी आता तसंच वाटाया लागलंय. तुमच्याकडं फोटू हाय म्हणं. मला येकवार खरं काय त्ये सांगा."

मी तिला तो फोटो दाखवावा की नाही, यावर थोडा विचार केला. मग दाखवला. पुढचा पांढरा उजेड सोडून. तिनं स्क्रीनजवळ तोंड नेलं. हार, ताट यांच्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिनं मुरमावरच्या चपलांवर बोट ठेवलं.

"घरातबी आश्याच काढायचे," ती म्हणाली. "पिलेला माणूस आश्या काढंल व्हय?"

मी दुसऱ्या दिवशी शिरूरला गेले आणि तपास करणाऱ्या साहेबांसमोर दोन्ही कार्डं ठेवली. ते फोटो बघून म्हणाले, हा हार घालतोय, हा बोट ठेवतोय, पण एकाच वेळी कशावरून? मी घड्याळाचे फोटो काढून दाखवले आणि कसं जुळवायचं ते सांगितलं. त्यांनी ते स्वतः करून बघितलं. मग जबाबाचे कागद पुढे ओढले. मी तिथंच जबाब दिला आणि सही करून परत आले.

पुढं काय झालं ते सांगते. ऋषिकेशला अटक झाली, मग जामीन. जबाबात त्यानं चावीचं कबूल केलं, ताटाचं नाही. पाहुण्यांचं नाव पेपरात एकदा आलं आणि पुन्हा आलं नाही. केस चालू आहे. आप्पांकडच्या माणसांनी माझ्याकडचं येणं-जाणं बंद केलं. एवढं एक झालं की बिरा स्वतःहून गेला आणि पिऊन गेला, हे कागदावरून खोडलं गेलं.

मंगल पुन्हा एकदा आली. तिला घरात लावायला बिराचा फोटो हवा होता. लग्नातला होता, पण त्यात तो फार पोरगा दिसत होता. तिला तोच माळावरचा हवा होता.

"पर त्ये यंत्र काढून टाका त्यातनं," ती म्हणाली.

नोकरीत मला पुष्कळदा सांगितलं गेलं की फोटोतला खांब काढा, माणूस काढा, रॉकेट मोकळं दिसलं पाहिजे. रॉकेट काढून माणूस ठेवा, असं कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. मी बसून ते केलं. इंजिन गेलं, ठोकळा गेला, ताट गेलं. मागे नुसता माळ आणि आभाळ ठेवलं. पण बिराचे दोन्ही हात पुढे होते आणि हातात हार होता. हार काढला तर हात कशासाठी पुढे केलेत ते कळेना. मी मंगलला विचारलं, काय करू?

तिनं हारावर बोट टेकवलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आता त्येंच्याच गळ्यात घालायचाय."

हल्ली मला उद्घाटनाच्या फोटोसाठी कुणी बोलावलं, तर मी आधी बटणाची वायर कुठवर जाते ते चालत जाऊन बघून येते. वायर जोडलेली असेल तर कॅमेरा बॅगेतून काढत नाही. लोक म्हणतात, बाई तिरसट आहे. आहेच.